राजा सिंहासनावर, सत्ता लोकांकडे

प्रश्न : ब्रिटनमध्ये आजही राजा आहे, तरी त्या देशाची गणना लोकशाही राष्ट्रांत होते. राजेशाही कायम ठेवून तिथे लोकशाही कशी आली आणि ती नेमकी कधी आली असे मानावे?

उत्तर : राजेशाही तिथे अखंड टिकली असे नाही. १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला आणि १६६० मध्ये राजेशाही परत आली. त्यानंतर जे घडले त्याचे दोन भाग आहेत, आणि त्यांची हमखास गल्लत होते. आधी राजाची सत्ता पार्लमेंटकडे गेली. ते पार्लमेंट लोकांचे व्हायला मात्र आणखी दोन शतके लागली.

पहिल्या भागाची किल्ली पैशात होती. पार्लमेंटच्या संमतीवाचून कर बसवण्यास आणि शांततेच्या काळात खडे सैन्य बाळगण्यास १६८९ च्या ‘बिल ऑफ राइट्स’ या कायद्याने राजाला मनाई केली, त्यामुळे खर्चासाठी पार्लमेंटची मर्जी राखणे आणि पुढेपुढे बहुमतवाल्यांमधूनच मंत्री नेमणे त्याला भाग पडले. मंत्री बहुमतवाल्यांमधूनच नेमावेत असा कोणताही लेखी नियम मात्र नव्हता. १८३४ मध्ये चौथ्या विल्यमने पंतप्रधान मेलबर्न यांचे सरकार बडतर्फ केले, पण त्यांच्या जागी आलेल्या पील यांना बहुमत जमवता आले नाही आणि १८३५ मध्ये राजाला मेलबर्न यांनाच पुन्हा पाचारण करावे लागले. त्यानंतर कोणत्याही राजाने सरकार बडतर्फ केलेले नाही.

पण हे पार्लमेंट तरी कोणाचे होते? सॉल्सबरीजवळची ओल्ड सॅरम ही ओसाड टेकडी दोन खासदार पाठवत असे, आणि गिरण्यांनी गजबजलेल्या मँचेस्टरला स्वतःचा एकही खासदार नव्हता. १८३२ च्या सुधारणा कायद्याने ही विसंगती दूर केली, तरी बहुसंख्य पुरुष आणि सर्व स्त्रिया मतदानाबाहेरच राहिल्या. १८६७ मध्ये शहरांतील आणि १८८४ मध्ये ग्रामीण भागातील अनेक कामगारांना मताधिकार मिळाला.

या साऱ्यात १८७२ च्या गुप्त मतदानाच्या कायद्याला मिळायला हवे तेवढे श्रेय मिळत नाही, असे मला वाटते. तोवर मतदाराला आपले मत सर्वांसमक्ष उच्चारावे लागे, आणि ऐकणाऱ्यांत त्याचा जमीनमालकही असू शके; अशा मताला स्वतंत्र कसे म्हणावे? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पॉन्टिफ्रॅक्टच्या पोटनिवडणुकीत प्रथमच चिठ्ठीवर खूण करून मत देण्यात आले. मतपेटीच्या लाखेवर उमटवलेला शिक्का हा गावातल्या कारखान्यात ज्येष्ठमधाच्या वड्यांवर मारला जाणारा शिक्काच होता.

उमरावांच्या वरिष्ठ सभागृहाचा अर्थविधेयके रोखण्याचा अधिकार १९११ मध्ये गेला. १९१८ मध्ये २१ वर्षांवरील जवळपास सर्व पुरुषांना आणि मालमत्तेच्या अटींसह ३० वर्षांवरील स्त्रियांना मत मिळाले. एकच वर्ष सांगायचे झाल्यास मी १९२८ सांगेन, कारण त्या वर्षी स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मताधिकार मिळाला; आणि त्या कायद्याला रीतसर संमतीही राजाच्याच नावाने दिली गेली.