ॲमस्टरडॅमच्या मध्यवस्तीत कालव्याकाठच्या जुन्या बुटीक हॉटेलात राहावं का? सोबत सत्तरीचे आईवडील आहेत.

आधी सांगा, दोघांचे गुडघे कसे आहेत? चेष्टा नाही करत. मी सासूबाईंना घेऊन प्रिन्सेनग्राख्त कालव्यावरच्या अशाच एका हॉटेलात चार रात्री राहिले. खोली तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. जिना पाहून सासूबाई म्हणाल्या, "अगं, ही तर माळ्यावर चढायची शिडी!" पायरीवर अर्धंच पाऊल मावतं आणि कठड्याऐवजी भिंतीलगत जाड दोर. उतरताना त्या चारही दिवस पाठमोऱ्याच उतरल्या.

ही हॉटेलं म्हणजे मुळात सतराव्या शतकातली व्यापाऱ्यांची घरं. दर्शनी बाजू अरुंद, आत मात्र लांबच लांब, त्यामुळे जिन्याला जागाच कमी. सामान जिन्याने न्यायचंच नाही असा हिशेब. वर आढ्याजवळ तुळईला आकडा दिसेल, त्याला दोर लावून कपाटं खिडकीतून आत घ्यायचे. ओझं भिंतीला घासू नये म्हणून कित्येक घरं मुद्दाम पुढे झुकलेली बांधली आहेत. (काही मात्र खालचे लाकडी खांब खचल्यामुळे कलली आहेत. आमच्या खोलीत पेन्सिल खाली ठेवली की खिडकीकडे निघायची.) यातल्या बऱ्याच इमारती संरक्षित वास्तू असल्याने मालकाला वाटलं म्हणून लिफ्ट बसवता येत नाही.

तरी राहाच, असं मी म्हणेन. सकाळी पडदा सरकवला की खाली कालवा, एल्मची झाडं, आणि वेस्टरकेर्क चर्चच्या घंटा दर पाव तासाला. झोप सावध असेल त्यांना मात्र त्याच घंटांचा त्रास होईल.

बुकिंगआधी हॉटेलला थेट मेल करा: खोली कितव्या मजल्यावर, लिफ्ट आहे का, आणि असेल तर त्या खोलीच्या दारापर्यंत जाते का. दोन-तीन घरं जोडून केलेल्या हॉटेलात लिफ्टमधून उतरल्यावरही पाच-सहा पायऱ्या निघतात. तळमजल्याची खोली मिळाली तर उजेड थोडा कमी असला तरी घ्या. खोलीच्या भाड्यावर शहराचा पर्यटक कर साडेबारा टक्के आहे, तो दाखवलेल्या दरात धरलाय का तेही विचारा. मोठ्या बॅगा आणू नका. आमची एक बॅग वर चढवताना त्या हॉटेलातला पोरगा दोनदा बसला, शेवटी तिघांनी मिळून नेली.