कुळागरातला पहिला पावसाळा

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात नुकतेच कुळागर (पोफळीची मिश्र बाग) हाती घेतलेल्या आपणांस सर्वप्रथम एवढेच सांगतो, की पोफळीचा कोळेरोग (सुपारी कुजून गळण्याचा रोग) पावसाबरोबर येतो, त्यामुळे सुपारी गळू लागल्यावर फवारणीची धावपळ करणारा बागायतदार उशिराच पोहोचतो.

१. पावसाआधी घोसांवर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे आणि ४० ते ४५ दिवसांनी पुन्हा फवारावे. या मिश्रणासाठी १०० लिटर पाण्याला मोरचूद (कॉपर सल्फेट) व चुना प्रत्येकी १ किलो लागतो. लोखंडी भांडे टाळावे व मिश्रण त्याच दिवशी संपवावे. शिळे मिश्रण वापरणे ही नवख्यांची नेहमीची चूक.

२. गळलेली सुपारी झाडाखाली कुजू देऊ नये.

झाडावर चढणारी माणसे ऐनवेळी मिळत नाहीत, म्हणून शेजाऱ्यांशी आताच बोलून फवारणीचे दिवस एकत्र ठरवा. तुम्हांला हे नक्की जमेल.