बिबट्याचा पिंजरा कुठे लागतो, हे कशावरून ठरतं?

तुम्ही विचारलंय की वन्यप्राण्यांच्या व्यवस्थापनाचं काम कुठे करायचं, हे प्राण्यांच्या संख्येवरून ठरतं की आणखी कशावरून. संख्येवरून थोडंफार ठरतं. पण मी जे बघत आलोय त्यावरून सांगतो, कुणाचा फोन लागतो आणि कुणाचा उचलला जातो यावर जास्त ठरतं.

मी पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर वनविभागाच्या पट्ट्यात राहतो. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हे त्यातले तालुके. कुकडी प्रकल्पाच्या कालव्याचं पाणी आलं आणि बाजरी-मटकीच्या रानात ऊस उभा राहिला. ऊस वर्ष-दीड वर्ष हलत नाही. आत गारवा, बाहेर कुत्री आणि शेळ्या. मादी उसातच विते. थोडक्यात, बिबट्याने कुठे राहायचं हेसुद्धा कालव्यानेच ठरवलं.

मागच्या हिवाळ्यात शेजारच्या रानात ऊसतोड मजुरांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडल्या होत्या. तिथलं कुत्रं बिबट्याने उचललं. कुणी कुणाला कळवलं नाही; कळवायचं कुणाला, हेच त्यांना माहीत नव्हतं. पुढे एका बागायतदाराच्या गोठ्यातली कालवड गेली आणि दुसऱ्याच दिवशी पिंजरा आला, तोही डांबरी रस्त्यालगत, गोठ्याच्या बाजूला. मी कोपीवर गेलो, तर एका बाईने झोळीतल्या लेकराच्या पायात घुंगराचा वाळा बांधला होता. रात्री वाजला तर जाग यावी म्हणून. ते मला अजून विसरता येत नाही.

मेंढपाळांचं तर त्याहून अवघड. वाघरीच्या जाळीत मेंढरं, बाजूला उघड्यावर बायकापोरं. बिबट्याने मेंढरू मारलं तर भरपाईसाठी पंचनामा होईपर्यंत थांबायला हवं, पण कळप एका जागी ठेवला तर चारा संपतो. म्हणून ते तक्रार न करताच पुढे निघतात. मग नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणजे कागदावर तिथे अडचणच नाही.

पिंजऱ्यानेही प्रश्न सुटतो असं नाही. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच भागात केलेला अभ्यास जरूर वाचा. बिबटे पकडून लांब सोडायला लागल्यावर माणसांवरचे हल्ले कमी न होता वाढले. 2001 ते 2003 मध्ये ते वर्षाला सरासरी 17 वर गेले, आधीच्या सुमारे चौपट. पकडणं एकीकडे, भोगणं दुसरीकडे. जिथे सोडले तिथल्या लोकांना कुणी विचारलं होतं का?

माझ्या मते कामाची जागा बदलायला हवी. तोड सुरू होण्याआधी कोप्यांची जागा उसापासून लांब, उजेडात ठरवावी. शेतीची लाईट दिवसा द्यावी, म्हणजे रात्री बॅटरी घेऊन पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला जावं लागणार नाही. आणि मेंढपाळाचा पंचनामा त्याच दिवशी, त्याच्या वाड्यावर, म्हणजे मुक्कामाच्या जागी जाऊन व्हावा. यंदा तोडीच्या टोळ्या येतील तेव्हा कोप्यांसाठी आमचं खळं मोकळं ठेवायचं, एवढं आम्ही घरात ठरवलंय.