नेक्स्टक्लाउड अपडेट करण्याआधी
स्वतःच्या सर्व्हरवर नेक्स्टक्लाउड (फाइल्स साठवण्याचे आणि शेअर करण्याचे सॉफ्टवेअर) चालवायला घेतलेत, याचा मनापासून आनंद झाला. प्रत्येक अपडेटपूर्वी डेटाबेस, फाइल्स आणि कॉन्फिगरेशन या तिन्हींचा बॅकअप एकाच वेळी घ्या आणि तो दुसऱ्या जागी एकदा तरी उभा करून पाहा. न तपासलेल्या बॅकअपवर मी विसंबणार नाही.

नवशिक्यांच्या हातून नेहमी होणारी चूक म्हणजे अपडेट महिनोन्‌महिने टाळून मग एकदम उडी मारणे. नेक्स्टक्लाउडमध्ये मुख्य आवृत्ती वगळता येत नाही. २८ वरून ३० वर जायचे, तर आधी २९ वर यावे लागते.

डॉकर (सॉफ्टवेअर वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारे साधन) वापरत असाल, तर सर्वांत नवी आवृत्ती आणणाऱ्या ‘लेटेस्ट’ टॅगऐवजी आवृत्तीचा आकडा लिहा, कारण पोस्टग्रेस या डेटाबेसची मुख्य आवृत्ती नकळत बदलली, की नव्या आवृत्तीला जुना डेटा थेट वाचता येत नाही.

सुरक्षेच्या दुरुस्त्या मात्र लांबवू नका. स्वयंचलित अपडेटचे नंतर पाहू.