पाताळपाणीचे कोरे आभाळ आणि काळा पडलेला खडक

प्रश्न : मी इंदूरला राहतो. श्रावणात पाताळपाणीच्या धबधब्याची कृष्णधवल छायाचित्रे ४ × ५ इंची शीट फिल्मवर काढली. फिल्म १२५ आयएसओची एफपी४ प्लस होती. आभाळातले ढग उठून दिसावेत म्हणून गडद लाल फिल्टर लावला. मीटर (प्रकाशमापक) संपूर्ण दृश्यावर धरला असता एफ/३२ ला, म्हणजे लेन्सच्या अगदी लहान छिद्राला, १ सेकंद आला, म्हणून फिल्टरसाठी आठपट, म्हणजे ८ सेकंद दिले. डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारे रसायन) नळाच्या पाण्यात कालवून तक्त्यातील २० अंश सेल्सिअसची वेळ पाळली. तरीही आभाळ कोरे पांढरे आणि खडक व झाडी काळीकुट्ट आली. चूक कोठे झाली?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : आपण सगळी मापे नोंदवून ठेवलीत, त्यामुळे कारणे शोधता येतात. ती एकाहून अधिक आहेत, पण बरीचशी त्या लाल फिल्टरपाशीच येऊन थांबतात. लाल फिल्टर निळा प्रकाश अडवतो, म्हणून निरभ्र आकाश त्यातून गडद येते. श्रावणातले भरून आलेले आभाळ मात्र निळे नसतेच, त्यामुळे फिल्टरने ते आणि खडक सारख्याच प्रमाणात मंदावले आणि दोहोंतले अंतर तसेच राहिले. हिरवी पाने लाल प्रकाश फारच थोडा परावर्तित करतात, म्हणून झाडी आठपट वेळ देऊनही काळी पडली. अशा दिवशी पिवळसर हिरवा फिल्टर लावावा किंवा फिल्टर लावूच नये.

दुसरे नुकसान त्या ८ सेकंदांनी केले. एका सेकंदाच्या पुढे फिल्मची संवेदनक्षमता घटत जाते. या फिल्मला मोजलेल्या ८ सेकंदांसाठी प्रत्यक्षात सुमारे १४ सेकंद द्यावे लागतात. म्हणजे जवळजवळ पाऊण स्टॉप कमी पडला (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा), आणि ही तूट उजेडाच्या भागापेक्षा सावलीला अधिक भोवते, कारण तेथे आधीच प्रकाश थोडा असतो. त्यात संपूर्ण दृश्यावर धरलेल्या मीटरमध्ये आभाळाचा उजेड मिसळला आणि ओला काळा बेसॉल्ट आणखीच खाली गेला.

पुढच्या वेळी खडकाच्या ज्या भागात तपशील हवा, केवळ त्याच भागाचे माप घ्यावे. मीटर प्रत्येक गोष्ट मध्यम करडी समजून वेळ सांगतो, म्हणून त्या मापापेक्षा दोन स्टॉप कमी प्रकाश द्यावा, म्हणजे खडक गडद राहील, पण त्याचे थर दिसतील. अमेरिकी छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास मांडलेल्या झोन पद्धतीत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांना एकेका स्टॉपच्या अंतराने क्रमांक दिलेले असतात; त्यात ही जागा तिसऱ्या झोनची. त्यानंतर आभाळ मोजावे. ते खडकापेक्षा सहा स्टॉपने उजळ असेल तर नवव्या झोनवर जाऊन कोरे होते, म्हणून डेव्हलपिंगची वेळ साधारण एक पंचमांशाने कमी करावी; या वेळेचा परिणाम सावलीपेक्षा उजळ भागांवर अधिक होतो.

याच ठिकाणी नळाच्या पाण्याने घात केला असावा. पावसाळ्यातही आपल्याकडे ते २० अंशांपेक्षा बरेच कोमट असते, आणि अशा डेव्हलपरमध्ये २० अंशांची वेळ पाळली की आभाळाची निगेटिव्ह इतकी दाट होते की छापताना त्यातून काहीच निघत नाही. ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवावा आणि थर्मामीटर बुडवून खात्री करावी. केवळ वेळ कमी करून भागवायचे असल्यास ती पाच मिनिटांच्या आत जाऊ देऊ नये, नाहीतर डाग पडतात.

कोरे आभाळ हा प्रत्येक वेळी दोषच असतो, असे मात्र मला वाटत नाही. इंदूरला बांधकाम खात्याच्या कचेरीत असताना लाला दीनदयाळ यांनी १८७० च्या दशकात छायाचित्रण हाती घेतले. त्या काळच्या काचेच्या प्लेटा मुख्यतः निळ्या प्रकाशालाच संवेदनशील असल्याने निळे आकाशही पांढरे येई, आणि तरीही त्या काळच्या चित्रांतले दगडी बांधकाम पाहतच राहावे असे असते. आभाळ नकोच असेल तर कॅमेरा खाली झुकवू नये, समोरची लेन्स खाली सरकवावी. आभाळ चौकटीबाहेर जाते आणि कडे सरळ उभे राहतात. ढगच हवे असतील तर पाऊस ओसरल्यावर, निळ्या आकाशात पांढरे ढग तरंगू लागले की जावे, आणि तेव्हाही लालऐवजी नारिंगी फिल्टर पुरेसा होतो.

प्रत्येक दृश्याच्या एकाच मापाने दोन शीट काढाव्यात. एक आधी डेव्हलप करून पाहावी आणि आभाळ दाट वाटल्यास दुसरीची वेळ त्याप्रमाणे कमी करावी. रोल फिल्मवर ही सोय नसते.