कॉस्च्युम हेल्मेटच्या एलईडीची 9 व्होल्टची बॅटरी लगेच उतरते, तिच्याऐवजी काय लावू?

व्होल्टेज तेवढंच ठेवा, म्हणजे आतला रेझिस्टर (एलईडीचा करंट आवरणारा भाग) बदलायला नको. त्या चौकोनी बॅटरीत साधारण 500 एमएएचच (साठवलेल्या चार्जचं माप) असतात, चांगल्या अल्कलाइन पेन्सिल सेलमध्ये (AA) 2000 च्या वर, म्हणून 6 सेलचा होल्डर घ्या, 1.5 गुणिले 6 म्हणजे 9 व्होल्टच झाले, आणि बऱ्याच होल्डरना तसलंच दोन बटणांचं टोक असतं, जुनी क्लिप सरळ बसते. फक्त सहा सेलचं वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास जातं, ते डोक्यावर नकोच, मान दुखते हो, वायर वाढवून होल्डर कमरेला लावा. रिचार्जेबल सेल 1.2 चे, त्यावर उजेड थोडा कमी पडेल. पॉवर बँक मात्र टाळा, एलईडी करंट इतका कमी घेतात की बऱ्याचशा पॉवर बँक आपोआप बंद होतात.