वेस्ट इंडीज नक्की कुठं येतं?

प्रश्न : मॅच बघताना पोराने मोबाईलवर नकाशा काढला आणि म्हणाला, बाबा गयाना तर बेटच नाहीये, दक्षिण अमेरिकेला चिकटलंय, मग ते वेस्ट इंडीजमध्ये कसं? मला काही सांगता येईना. (एक वाचक, सातारा)

उत्तर : पोरगं हुशार आहे. गयाना बेट तर नाहीच, वर त्याचा किनारा कॅरिबियन समुद्राला लागतही नाही, अटलांटिकला लागतो. गंमत म्हणजे १९७१ च्या दौऱ्यात आपल्या गावसकरने टेस्टमधली पहिली सेंच्युरी मारली ती जॉर्जटाऊनला, म्हणजे गयानातच!

पण तोच नकाशा जरा झूम करून बघा. लोकवस्ती जवळजवळ सगळी समुद्रकाठच्या चिंचोळ्या पट्टीवर, ती पण भरतीच्या पाण्याच्या खाली, डचांच्या काळापासून बांध घालून राखलेली, आणि मागे नुसतं जंगल. शेजारच्या व्हेनेझुएलाला जायला आजही थेट रस्ता नाही. मग काय, खंडाकडे पाठ आणि समुद्राकडे तोंड, सगळा व्यवहार बोटीने त्रिनिदाद-बार्बाडोसशी. बेटासारखंच जगणं झालं की.

दुसरी गोष्ट उसाची. ब्रिटिशांचे साखरेचे मळे इथे पण आणि बेटांवर पण, राबायला आफ्रिकेतून आणलेले गुलाम. १८३८ ला ते पूर्ण सुटले आणि त्याच वर्षी कलकत्त्याहून गिरमिटियांची, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांची, पहिली जहाजं गयानाला लागली, १८४५ पासून त्रिनिदादला पण, हे १९१७ पर्यंत चाललं. बहुतेक माणसं बिहार-यूपीकडची, म्हणून तर कन्हाय, चंद्रपॉल अशी नावं टीममध्ये दिसतात. कॅरिकॉम ही त्या भागातल्या देशांची संघटना १९७३ ला झाली, करार त्रिनिदादमध्ये आणि मुख्य ऑफिस जॉर्जटाऊनला. बेटवाल्यांचं ऑफिस खंडावर, घ्या!

प्रश्न : मग क्युबा एवढं मोठं बेट, ते का नाही टीममध्ये?

उत्तर : कारण तिथं मालक स्पेन होता, मग अमेरिकेचा वरचष्मा, त्यामुळे तिथं बेसबॉल. मार्टिनिक तर आजही फ्रान्सचाच भाग आहे, युरो चालतो. समुद्र एकच पण ज्याचा साहेब वेगळा त्याचा खेळ वेगळा, माझ्या मते वेस्ट इंडीजची टीम म्हणजे इंग्रजी मळ्यांची टीम. नुसतं राजकारण करून मात्र ते एकत्र राहिले नाहीत, १९५८ ला ब्रिटिशांच्या ताब्यातल्या बेटांचं एक फेडरेशन, म्हणजे संघराज्य, काढलं, गयाना त्यात गेलंच नाही आणि १९६२ ला ते मोडलं पण, क्रिकेटची टीम तेवढी टिकली.

आणि पोरगं पुढे विचारणारच म्हणून सांगून ठेवतो, ऑलिंपिकला वेस्ट इंडीज नसतं, बोल्ट पळाला तो जमैकासाठी. फेडरेशनच्या काळात, १९६० ला रोमला, तेवढे एकत्र गेले होते. गयाना तेव्हाही वेगळंच!